एक शनिवार, दोन कार्यक्रम: एका व्हायोलिनवादक मैत्रिणीचं प्रकरण

गुरुवारी संध्याकाळी तिला फोन आला. "ताई, परवा साउंड चेकला चारपर्यंत पोचताय ना?" तिने सवयीने "हो, हो" म्हटलं, फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिली. परवा चार वाजता ती दुसऱ्याच एका संचाच्या रंगीत तालमीत असणार होती आणि रात्री त्यांच्याच मंचावर. दोन्हीकडे तिने महिन्याभरापूर्वी शब्द दिलेला. दोन्हीकडच्या जाहिरातीत तिचं नाव आलेलं.

पुढचे चार तास बदली वादक शोधण्यात गेले. अकराच्या सुमारास एक जण मिळाला. हात चांगला, पण कार्यक्रमातली निम्मी गाणी त्याने कधी वाजवलेली नव्हती. मग रात्री दोनपर्यंत बसून तिने त्याच्यासाठी पानापानावर गज कुठे वर-खाली ओढायचा त्याच्या खुणा केल्या, गायिका कुठे थांबते, कुठे लय सोडून पुन्हा समेवर येते, ते लिहून काढलं. शनिवार निभावला. पण ज्या संचाकडे ती जाऊ शकली नाही, त्यांनी पुढे वर्षभर तिला बोलावलं नाही. कुणी रागावलं नाही, कुणी जाब विचारला नाही. फोन यायचे तेवढे थांबले.

हे प्रकरण मी तिच्या संमतीने लिहितोय, नाव देत नाही. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. आम्ही दहा वर्षं एकमेकांबरोबर काम केलंय. त्या शनिवारनंतर तिने मला विचारलं, "माझं नेमकं कुठे चुकतंय, हे माझ्याबरोबर बसून बघशील का?" पुढचे सहा-सात महिने आम्ही जे पाहिलं, करून बघितलं, सोडून दिलं, त्याची ही हकिकत. संगीतात पोट असलेल्या अनेकांना यात ओळखीचं काहीतरी सापडेल, म्हणून तपशील गाळलेले नाहीत.

ती आणि तिचं काम

तिला अव्यवस्थित म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तिची व्हायोलिनची पेटी उघडून बघा. गज वाजवून झाल्यावर न चुकता सैल केलेला असतो. घोडीजवळ साचलेली राळेची भुकटी पुसलेली असते. पेटीच्या झाकणात आर्द्रता दाखवणारी छोटी तबकडी आहे आणि काटा चाळीस ते साठ टक्क्यांच्या बाहेर गेला की ती अस्वस्थ होते. कोरड्या हवेत खुंट्या सुटतात, दमट हवेत घट्ट बसतात, आणि लाकूड दोन्हीकडून सोसतं, हे तिला पाठ आहे. रियाज रोजचा. तालमीला ती सगळ्यांच्या आधी पोचते.

गोंधळ होता तो वाद्याच्या भोवतीच्या कामात. ती तीन संचांत वाजवते. अकरा विद्यार्थ्यांना शिकवते. घरच्या छोट्या खोलीत दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी व्हायोलिन मुद्रित करून पाठवते. आणि गेली काही वर्षं चार व्हायोलिनांच्या संचासाठी संगीत संयोजनही करते. मोठ्या वाद्यवृंदात स्वरलिप्या सांभाळायला स्वतंत्र ग्रंथपाल असतो. गजाच्या खुणा सगळ्या पार्टांत, म्हणजे प्रत्येक वादकाच्या पानांत, सारख्या आहेत ना, योग्य आवृत्ती योग्य स्टँडवर गेली ना, हे बघणं हेच त्याचं काम. तारखा, प्रवास, करार बघायला वेगळी माणसं असतात. माझी मैत्रीण ही सगळी माणसं एकटीच आहे. आज एकट्याने काम करणारे बहुतेक कलाकार असेच आहेत, आणि या कामांचं शिक्षण कुठल्याही तालमीत मिळत नाही.

त्याच वर्षातल्या आणखी दोन घटना

शनिवारचा घोळ हा एकटा असता तर त्याला योगायोग म्हटलं असतं. पण त्याच वर्षात आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या.

पहिली, पट्टीची. एका गायिकेसाठी तिने चार व्हायोलिनांचं संयोजन केलं होतं, पांढरी दोनमध्ये, म्हणजे पाश्चात्य नावाने डी. तालमीनंतर गायिकेने पट्टी अर्धा स्वर वर मागितली, काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट. हिने त्याच रात्री सगळे पार्ट बदलले आणि जतन केले. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र स्टँडवर आली ती जुनी पानं. संगणकावर त्या गाण्याच्या पाच फायली होत्या: "फायनल", "फायनल नवीन", "फायनल २", "फायनल नवीन दुरुस्त" आणि नुसतं गाण्याचं नाव. छपाईला कुठली गेली हे कळलं साउंड चेकला, पहिल्याच ओळीला.

व्हायोलिन वाजवणाऱ्यांना हे लगेच समजेल. डी मेजरमध्ये व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा स्वरसप्तकात बसतात, जी, डी, ए, ई. तिने संयोजनही तसंच रचलं होतं, मधल्या संगीतात मोकळ्या तारांची गाज ठेवून. ई फ्लॅटमध्ये गेलं की ए आणि ई या दोन तारा मोकळ्या वापरता येत नाहीत, बोटं अर्ध्या पोझिशनला मागे सरकतात, आणि जे हाताखाली आपोआप येत होतं ते प्रत्येक स्वराला विचार करून वाजवावं लागतं. बदललेल्या पार्टांत तिने त्या जागा नव्याने लिहिल्याही होत्या. ती पानं घरी होती. चौघींनी जुन्या पानांवरूनच मनात अर्धा स्वर चढवत कार्यक्रम वाजवला. श्रोत्यांना फारसं कळलं नसेल. त्या चौघींना कळलं.

दुसरी घटना जास्त दुखावणारी. मुद्रणाची सगळी सत्रं तिने एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. एकदा मुद्रण सुरू असताना केबलमध्ये पाय अडकून डिस्क टेबलावरून खाली पडली. फिरत्या तबकडीवरून वाचणारं टोक केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असतं. चालू अवस्थेत धक्का बसला की ते तबकडीला लागतं. तिने डिस्क पुन्हा जोडली तेव्हा आतून आवाज येत होता, टिक, टिक, टिक, अगदी लयीत. ती मला नंतर म्हणाली, "मेट्रोनोमसारखं वाजत होतं रे, आणि मी ऐकत बसले." तीन वर्षांचं काम त्यात होतं. "बॅकअप" होता, पण त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये.

आम्ही काय शोधलं

एका रविवारी आम्ही तिच्या खोलीत जमिनीवर बसलो. मी एकच काम केलं: कुठली माहिती कुठे राहते ते कागदावर लिहीत गेलो. तारखा निघाल्या सहा ठिकाणी: फोनमधलं कॅलेंडर, भिंतीवरचं कॅलेंडर, एक डायरी, मेसेज, ईमेल आणि "माझ्या लक्षात आहे" नावाची सहावी जागा. स्वरलिप्या चार ठिकाणी. मानधनाचा हिशेब दोन वह्या आणि बँकेचे मेसेज.

ठिकाणं जास्त आहेत हे दिसल्यावर "सगळं एका जागी आणा" असं म्हणावंसं वाटतं. मलाही वाटलं. पण मग आम्ही शनिवारच्या दोन तारखांचा माग काढला, आणि खरी गोष्ट तिथे सापडली.

पहिल्या संचाची तारीख तिने फोनवर बोलताना कबूल केली, रिक्षात बसून, आणि घरी पोचल्यावर लिहायचं ठरवलं. ती लिहिली गेली तिसऱ्या दिवशी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुसऱ्या संचाची विचारणा मेसेजवर आली. तिने फोनचं कॅलेंडर उघडलं, तो दिवस मोकळा दिसला, होकार दिला. म्हणजे तिने तपासलं होतं. तपासलेल्या जागी ते लिहिलेलं नव्हतं.

पट्टीच्या गोष्टीतही तेच. रात्री बदललेल्या फाइलला नाव देताना तिने विचार केला नाही, कारण "हीच शेवटची" हे त्या क्षणी तिला स्वच्छ माहीत होतं. बारा दिवसांनी छापताना ते माहीत नव्हतं. डिस्कचंही तेच: सत्र संपलं, थकवा आला, प्रत "उद्या करू".

तिन्ही ठिकाणी गोष्ट हातात आली त्या क्षणी तिला सगळं ठाऊक होतं: कुठली तारीख, कुठली पट्टी, मुद्रणातला कुठला टेक (प्रयत्न) चांगला. ते ज्ञान नोंदीत उतरायच्या आत क्षण निघून गेला. पुढे शोधताना तिला पुन्हा अंदाज करावा लागला. संगीत करणाऱ्या माणसाला हा धोका जास्त असतो असं मला वाटतं, कारण आपली स्मरणशक्ती चांगली असते आणि आपण तिच्यावर विसंबतो. शंभर बंदिशी, पन्नास गाण्यांचे मधले तुकडे डोक्यात राहतात, तर एक तारीख का राहणार नाही? पण बंदिश राहते कारण ती हजार वेळा घोटलेली असते. तारीख एकदाच ऐकलेली असते.

तिला या सगळ्याची लाज वाटत होती, म्हणून मी तिला अठराव्या शतकातल्या हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराची गोष्ट सांगितली. १७६५ साली एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या दरबारात वृद्ध संगीतप्रमुख ग्रेगोर वेर्नर याने थेट प्रिन्सकडे लेखी तक्रार केली की हायडनच्या हाताखाली वाद्यांची आणि स्वरलिप्यांची हेळसांड होतेय. हायडनला ताकीद मिळाली आणि सगळ्याची यादी करायचा हुकूम झाला. त्याच सुमाराला हायडनने स्वतःच्या रचनांची सूची ठेवायला सुरुवात केली, प्रत्येक रचनेचे सुरुवातीचे स्वर टिपून. मोठ्या कलाकारालाही हे कुणीतरी सांगावं लागलं होतं, आणि सांगितल्यावर त्याने ते केलं. तिला यातलं "सुरुवातीचे स्वर टिपून" फार आवडलं. ते पुढे उपयोगी पडलं.

पहिला उपाय, जो टिकला नाही

सुरुवातीला आम्ही एक मोठं ॲप घेतलं. त्यात प्रकल्प, उपप्रकल्प, रंगीत लेबलं, आठवणी, सगळं. दोन दिवस बसून चौदा लेबलं बनवली. दिसायला सुंदर. कार्यक्रमांचा पहिला गर्दीचा आठवडा आला आणि ते बंद पडलं, तिसऱ्या आठवड्यात. ती रात्री साडेबाराला घरी येऊन चौदातलं कुठलं लेबल लावायचं हे ठरवणार नव्हती. कुणीच नाही ठरवणार. ती चूक माझी होती, कारण आग्रह माझा होता. दमलेल्या माणसाला जे वीस सेकंदांत करता येत नाही ते करायला सांगूच नये, एवढा धडा घेऊन आम्ही पुढे गेलो.

जे राहिलं

तारखांपासून सुरुवात केली. फोनमधलं कॅलेंडर हे एकच खरं, बाकी सगळी बंद. भिंतीवरचं खाली उतरवलं, तिला वाईट वाटलं तरी. पण मुख्य बदल बोलण्यात होता. फोनवर होकार द्यायचाच नाही. "बघून दहा मिनिटांत कळवते" एवढंच म्हणायचं, फोन ठेवायचा, कॅलेंडर उघडायचं, नोंद करायची, आणि मग मेसेजने लेखी होकार द्यायचा. नोंद आधी, होकार नंतर. हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. पहिले काही दिवस तिला भीती वाटायची की आयोजकांना हे तुटक वाटेल. तसं कुणी म्हणालं नाही. उलट तारीख, पोचायची वेळ आणि मानधन हातात लेखी आल्याने तेही निश्चिंत झाले.

नोंदीला तीन अवस्था दिल्या: विचारणा, पक्कं, झालं. विचारणाही लगेच कॅलेंडरवर जाते, नावापुढे प्रश्नचिन्ह लावून, आणि कधीपर्यंत उत्तर यायला हवं ती तारीखही त्यातच. पूर्वी पक्कं झाल्याशिवाय लिहायचं नाही अशी तिची पद्धत होती, आणि विचारणेच्या त्या मधल्या काळातच दुसरी विचारणा येऊन बसायची. आणखी एक बारीक गोष्ट: कॅलेंडर नवी नोंद बहुतेक वेळा आपोआप एका तासाची करतं. रात्री आठचा कार्यक्रम म्हणजे आठ ते नऊ असा दिसायचा. प्रत्यक्षात दुपारी दोनला निघण्यापासून रात्री बाराला परतण्यापर्यंतचा दिवस त्यात जातो. आता ती निघण्यापासून परतेपर्यंतचा सगळा वेळ अडवते. हे केल्यावर लक्षात आलं की पूर्वी एकाच दिवशी "सहज बसणारी" तीन कामं कधी बसतच नव्हती, ती पळत होती एवढंच.

मग फायली. इथे आम्ही जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं. नावाचा साचा असा: गाणं, पट्टी, वाद्य, तारीख. तारीख वर्षापासून सुरू होणारी, २०२४-०३-०९ अशी. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१, १९८८ साली ठरलेलं, आणि त्याचा फायदा अगदी साधा: संगणकाने नावं क्रमाने लावली की ती आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची नऊ तारीख आणि डिसेंबरची नऊ तारीख शेजारी बसतात. "फायनल" हा शब्द कायमचा बाद केला. सगळ्यात नवी तारीख तीच चालू आवृत्ती, त्यात मत बनवायची गरजच उरत नाही. पट्टी नावातच असल्याने पांढरी दोनची फाइल उघडल्याशिवायही कळते.

प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये फक्त चालू आवृत्ती राहते. नवी आली की जुनी त्याच हाताने "जुनं" नावाच्या फोल्डरमध्ये जाते, पुसायची नाही. गायिका कधी पुन्हा खालची पट्टी मागेल सांगता येत नाही. आणि छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या तळाशी पट्टी, तारीख आणि पान क्रमांक. चार स्टँडवर चार वेगळ्या तारखा दिसल्या तर वाजवायच्या आधीच कळतं. मात्रांच्या गटांना आकडे आणि भागांना अक्षरं घातली, म्हणजे तालमीत "तिथून, तिथून, ते वरचं सुरू होतं तिथून" असं सांगावं लागत नाही.

हायडनची कल्पना तिने स्वतः वापरली. एक साधी वही, आता तिच्याकडे संयोजनांची सूची म्हणून आहे. डाव्या पानावर तारीख, गाणं, पट्टी, लय किती बीपीएम (मिनिटाला ठोके), कुठली वाद्यं. उजव्या पानावर सुरुवातीचे दोन-तीन मात्रागट हाताने लिहिलेले. मोझार्टनेही फेब्रुवारी १७८४ पासून मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत, नोव्हेंबर १७९१ पर्यंत, अशीच वही ठेवली होती. डावीकडे तारीख, नाव, वाद्यं आणि उजवीकडे सुरुवातीचे स्वर. ती वही आजही जपलेली आहे. त्याच्या कितीतरी रचनांच्या तारखा आज ठामपणे सांगता येतात त्या तिच्यामुळे. संगणक असताना हाताने का लिहायचं, असं मी विचारलं होतं. तिचं उत्तर असं की नावावरून तिला गाणं आठवत नाही, स्वरांवरून लगेच आठवतं. ते खरंच आहे. आपलं डोकं फोल्डरच्या नावांनी चालत नाही.

मुद्रणाच्या प्रतींचा विषय माझा होता, म्हणून तो मी हट्टाने लावून धरला. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट दर्जाचा एका माइकचा ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ मेगाबाइट जागा घेतो. पाच मिनिटांच्या गाण्यात असे चोवीस ट्रॅक असले की एक गिगाबाइट होतो. टेक धरले तर तीन-चार. म्हणजे वर्षभराच्या कामाचा आकार फार नाही, प्रती ठेवणं परवडतं. तीन-दोन-एक ही रीत पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केली, पण ती आपल्या धंद्याला तितकीच लागू आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तिच्याकडे एक संगणकावर, एक डिस्कवर, एक ऑनलाइन. आणि डिस्क आता जमिनीलगत, टेबलाच्या पायाला बांधलेली. आपोआप जुळवून घेणारं ऑनलाइन फोल्डर म्हणजे बॅकअप, हा एक गैरसमज तिच्या मनातून काढावा लागला. एका ठिकाणी पुसलं की ते दुसऱ्या ठिकाणीही पुसतं. जुन्या आवृत्त्या राखून ठेवणारी सोय आहे का ते बघून घ्यावं. महिन्यातून एकदा ती कुठलंही एक जुनं सत्र प्रतीवरून उघडून वाजवून बघते. उघडत नसेल तर ती प्रत प्रत नाही.

सत्र संपलं की आणखी एक काम: सगळे ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, एकाच शून्य बिंदूपासून, साध्या वेव्ह फायली म्हणून बाहेर काढायचे, आणि सोबत एका मजकूर फाइलमध्ये लय, पट्टी, सॅम्पल रेट. सॉफ्टवेअर बदलतं, त्याला जोडलेले प्लगइन बंद पडतात. पाच वर्षांनी सत्राची फाइल उघडेल याची खात्री नसते. वेव्ह फाइल कुठेही उघडते आणि शून्याला लावली की जागेवर बसते. माझ्याकडे येणाऱ्या दहा कलाकारांपैकी आठ जण तुकडे पाठवतात आणि कुठला कुठे बसतो ते फोनवर सांगतात, म्हणून हे कळकळीने लिहितोय. त्याच मजकूर फाइलमध्ये शब्द कुणाचे, चाल कुणाची, संयोजन कुणाचं आणि कुणाचा किती वाटा, हेही त्याच दिवशी, सगळे खोलीत असताना लिहून सह्या घ्यायच्या. प्रसिद्ध करताना मुद्रणाला दिला जाणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांकही तिथेच. तो रचनेला नसून त्या एका मुद्रणाला असतो. तेच गाणं पुन्हा मुद्रित केलं तर नवा क्रमांक लागतो.

मानधनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक तक्ता, एक ओळ एका कामाला, शेवटच्या रकान्यात पैसे आल्याची तारीख. रकाना रिकामा असेल तर महिन्याच्या एक तारखेला एक नम्र मेसेज जातो. विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकाचं एक पान, गेल्या वेळी काय दिलं आणि पुढे काय. तेवढं पुरतं.

पेटीच्या झाकणात तिने एक छोटा कागद चिकटवला: तारांचा जादा संच, त्यातही ई तार दोन, राळ, म्यूट, पेन्सिल, स्टँडच्या चिमट्या, पिकअपची केबल आणि बॅटरी. यात नियम असा की वस्तू वापरली की त्याच रात्री बदली ठेवायची, संपायची वाट बघायची नाही. ई तार सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जास्त ताणलेली, ती तुटते ती बहुधा मंचावरच.

रियाजाची वही

याला मी वेगळी जागा देतोय, कारण हे तिने मागितलं नव्हतं. तिची तक्रार तारखांची आणि फायलींची होती, रियाज तर रोज होतच होता. पण व्यवस्था लावताना तो कसा होतो हेही बघावंसं वाटलं. १९९३ साली अँडर्स एरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले उत्तम वादक आठवड्याला सुमारे चोवीस तास एकट्याने रियाज करत होते, तर शिक्षक होण्याच्या वाटेवरचे सुमारे नऊ तास. कौशल्याला दहा हजार तासांचा सराव लागतो अशी जी चर्चा सगळीकडे होते तिचं मूळ याच अभ्यासात आहे. मला त्यातली कमी बोलली जाणारी गोष्ट जास्त मोलाची वाटते: त्या विद्यार्थ्यांना आठवडाभर रोजनिशी लिहायला लावली होती. दिवस कसा गेला हे लिहूनच कळलं.

तिनेही एक आठवडा लिहिलं. तिच्या मते रोज दोन तास रियाज होता. लिहिल्यावर दिसलं की त्यातला सव्वा तास वाजवणं, बाकीचा वेळ सूर जुळवणं, पान शोधणं, फोन. आणि त्या सव्वा तासातही बराच भाग जे येतं तेच पुन्हा वाजवण्यात. तिला ते वाचून जरा वेळ बोलता आलं नाही.

आता रोज रियाज संपताना तीन ओळी: काय वाजवलं, किती लयीवर, आणि कुठे अडलं. तिसरी ओळ महत्त्वाची, कारण दुसऱ्या दिवसाची सुरुवात तिथून होते. एका पानावर मी वाचलं: "तिसऱ्या बोटावरून चौथ्यावर जाताना गज घाबरतो. ७२ वर ठीक, ७६ वर नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायोलिन हातात घेतल्यावर काय करू असा प्रश्नच नाही, मेट्रोनोम ७४ वर. आठ दिवसांनी त्याच तुकड्याखाली लिहिलंय, "८४. घाबरला नाही."

एका वर्षानंतर

त्यानंतरच्या वर्षात एकाच तारखेला दोन होकार गेले नाहीत. एकदा चुकीची आवृत्ती छापली गेली, पण पानाच्या तळाची तारीख बघून ती घरीच लक्षात आली. मेलेल्या डिस्कवरचं थोडंफार परत मिळालं, कारण काही गाण्यांची तयार मिश्रणं (मिक्स) माझ्याकडे होती. बाकीचं गेलं ते गेलं. वर्षभर न बोलावणाऱ्या संचाला तिने स्वतः पत्र लिहिलं, माफी मागितली, आणि पूर्वी काय चुकलं आणि आता तारखा कशा नोंदवते तेही सांगितलं. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला.

सगळं लागलंय असं मात्र नाही. दर रविवारी अर्धा तास पुढचा आठवडा बघायचा असं ठरलंय, तो कार्यक्रमांच्या मोसमात सुटतो, आणि सुटला की दहा दिवसांत टेबलावर कागद साचतात. तेव्हा ती नवं काही उभारत नाही, त्याच सवयींकडे परत येते. आणि सगळ्यात अवघड कोपरा अजून फोनमध्ये आहे: चालता-फिरता गुणगुणून ठेवलेल्या चालींचे तुकडे. आम्ही मोजले तेव्हा दोनशे चौदा होते, सगळ्यांची नावं "नवीन रेकॉर्डिंग" आणि पुढे आकडा. कल्पना सुचते त्या क्षणी नाव टाइप करायला थांबलं तर कल्पनाच निसटते, हे तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं. सध्या तिने एक युक्ती काढली आहे. बटण दाबलं की गुणगुणायच्या आधी ती मोठ्याने बोलते: तारीख, पट्टी, आणि कशासाठी सुचलं ते एका वाक्यात. मागच्या आठवड्यात तिने मला त्यातला एक ऐकवला. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ती घाईघाईने म्हणते, "नऊ तारीख, काळी एक, पावसाच्या गाण्याचा अंतरा, वरच्या ‘सा’कडे जाऊ नये, खालीच राहावं," आणि मग चाल सुरू होते.